तिसरी हाक

"मेलेली बाई पाय खाजवत नाही, आजी," दिग्दर्शक म्हणाला. बुधीबाईने पाय चादरीत ओढून घेतला आणि ती पुन्हा मेली.

सायवन गावच्या एका पाड्यावर मुंबईचे सिनेमावाले आले होते. सिनेमा मरणावरचा. "पण खरं तर जगण्यावरचा," असं दिग्दर्शकाने समजावलं होतं. जन्मभर सगळ्यांच्या हुकुमात राहिलेली बाई मेल्यावरच मोकळी होते, अशी गोष्ट. बुधीबाईला त्यातलं एवढंच कळलं, की भर दिवसा आडवं पडायचं आणि कोणी उठ म्हणायचं नाही. श्वास पोटात कसा धरायचा, पापण्या कशा सैल सोडायच्या, हे त्याने शिकवलं. तिला ते चटकन जमलं. इतक्या कमी कामात ती आजवर कोणाला पसंत पडली नव्हती.

घोळ पाड्याच्या चिमण भगताने केला. मेलेलीच्या उशाशी बसून तोंडातल्या तोंडात काहीही पुटपुटा, असं त्याला सांगितलं होतं. पण चिमणला खोटं पुटपुटता येईना. त्याने बुधीबाईच्या कपाळाला तांदूळ लावले, तिच्या सासरच्या मेलेल्यांना नावानिशी बोलावलं आणि तिला रीतसर त्यांच्या हवाली केलं. दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आलं. "कट," तो कसाबसा म्हणाला. बुधीबाई उठली, कपाळ पुसून घरी आली.

दारात नवरा आडवा उभा होता. लडक्या.

"चुलीला हात नको लावू. तू मेलीस."

"मग भाकऱ्या कोण थापेल?"

लडक्याने मागून आलेल्या चिमणकडे पाहिलं. असं आधी कधी झालंच नव्हतं, त्यामुळे नियम तिथल्या तिथे ठरवावा लागला. मेलेल्या बाईने चूल पेटवायची नाही, पाणी भरायचं नाही, शेतात उतरायचं नाही. तिच्याशी बोलायचं नाही. ओट्यावर राहील. जेवण मात्र आधी तिच्यापुढे ठेवायचं, पितरांना ठेवतात तसं. अमावास्या झाली की तिला परत बोलावू.

बुधीबाई ओट्यावर बसली. मग आडवी झाली. लग्नापासूनचा थकवा हळूहळू अंगातून बाहेर यायला लागला, आणि तो संपेचना. नाचणीची भाकरी गरम असते, हे तिला नव्याने कळलं. 'लाकडं आण' म्हणायला लडक्या तोंड उघडायचा आणि नियम आठवून मिटायचा.

सून रविना मात्र वाळत चालली. विहीर, चूल, गुरं, भाताची आवणी, सगळं तिच्या एकटीवर आलं. डोक्यावर हंडा घेऊन जाताना ती सासूकडे अशी बघायची, की बुधीबाईला कूस बदलावी लागायची.

अमावास्या उलटली. काखेत कोंबडा घेऊन चिमण आला.

"तीन हाका मारू. ओ दिली की जिवंत. नाय दिली, तर कायमची गेली. मग माझ्या हातात काय नाय."

पहिली हाक त्याची. "बुधीबाय, ये परत!"

बुधीबाईने श्वास पोटात धरला. पापण्या सैल सोडल्या.

दुसरी लडक्याची. "ए बुधे, उठ! चहा ठेव!"

पापणी हलली नाही.

"बघा," लडक्या चिमणला म्हणाला, "मेल्यावर पण ऐकत नाय."

"आता सुनेची. जोरात मार, पोरी. तुझीच सुटका आहे," चिमण म्हणाला.

रविना नुकतीच विहिरीवरून आली होती. तिने हंडा उतरवला. डोक्यावरची चुंबळ काढून बाजूला ठेवली. बुधीबाईला पोरीच्या धापा ऐकू येत होत्या. तिचा स्वतःचा धरलेला श्वास सुटत आला. हिने हाक मारली तर उठायचं, हे तिने मनाशी ठरवून टाकलं. एवढंच मरण नशिबात होतं.

रविना ओट्यावर चढली. सासूच्या कानाशी वाकली.

"आये," ती म्हणाली, "जरा पलीकडे सरक."