मिनिट्स बुकात नसलेली अकरा वर्षं

चर्चच्या शताब्दीच्या उपासनेत सेक्रेटरी मंडळीचा इतिहास वाचत होता. "पाळक, म्हणजे पास्टर, कोण असावा यावरून दोन तट पडले आणि पुढची अकरा वर्षं चर्च बंद राहिलं." बंद? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी मागच्या बाकावरून उठले. "बंद नव्हतं. तुमचे बाप एकमेकांचं तोंड बघेनात, म्हणून घरी बसले होते. माझी आई आठवडाभर दवाखान्याच्या चादरी धुऊन रविवारी इथे यायची, घंटा वाजवायची, बाक पुसायची, पोरांना बायबल शिकवायची." सेक्रेटरी चष्मा सारखा करत म्हणाला, "ताई, मी मिनिट्स बुकावरून, सभांच्या नोंदवहीवरून लिहिलंय. त्या वर्षांत कमिटीची एकही सभा झाली नाही. नोंदच नाही, तर मी काय करू?" "म्हणजे पुरुष भांडायला जमले तर चर्च उघडं, आणि बाईने चालवलं तर कुलूप?" "बसा हो खाली," पुढून कोणीतरी म्हणालं. मी बसले नाही. सरळ व्यासपीठाशी गेले. तिथे सेक्रेटरीचं लहानपणापासूनचं बायबल होतं, कडा झिजलेलं. मी ते चांगलं ओळखत होते. "याचं पहिलं पान वाच. सगळ्यांना ऐकू जाऊ दे." त्याने पान उघडलं, घसा खाकरला आणि पुटपुटला, "रविवारच्या शाळेत पहिला आल्याबद्दल बक्षीस." "पुढे?" पुढे माझ्या आईची सही होती, आणि तारीख त्याच अकरा वर्षांतली. त्याने तीही वाचून दाखवली. "बंद चर्चमध्ये पहिला आलास होय रे?" मी विचारलं.