मूठभर माती

"आई, आजही पाणी? वाफ्यात चिखल झालाय नुसता," नळाखाली झारी भरणाऱ्या सासूला सून म्हणाली.

"हे माती कोरडी म्हणतील, तेव्हा लागेलच. आधीच भरून ठेवते."

"काल कोरडी, परवा कोरडी. बेडूक राहायला आलेत वाफ्यात, आणि बाबांची माती कोरडीच!"

सासू हसली. नवऱ्याचा हात आयुष्यभर रंधा मारलेला, सुताराचा. आजारपणात तो उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू, "मी काय कुकुलं बाळ आहे?" म्हणत त्याने डाव्या हाताने भिरकावून दिला. तेव्हा तिनेच त्याला रोज माती बघायला बसवलं. मूठभर घ्यायची, दाबायची. गोळा झाला तर ओल आहे, सुटली तर पाणी हवं. माती रोज त्याच्या बोटांतून गळून पडे, आणि तो रोज मातीला नावं ठेवी.

"अहो आई, पण कंद कुजले म्हणजे?"

"कुजायचे नाहीत. गुलाब का नाही लावला मी? ही कॅला लिली आहे. पाण्यात पाय सोडून बसली तरी हिची कुरकुर नाही. ह्यांच्या हातात जोर येईपर्यंत ती दम धरते बघ."

दोघी बाहेर आल्या. तो वाफ्याकडेला पाटावर बसला होता. रुंद पानं बाजूला सारून त्याने उजवा हात मातीत घातला, मूठ भरली आणि ओठ मिटून दाबली.

बोटांच्या फटींतून गढूळ पाणी आलं. मनगटावरून ओघळून थेट बाहीत शिरलं.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" तो कडाडला. "केवढं हे पाणी! कंद मारायचेत का?"

"बाबा, आज तर अजून घातलंच ना—"

सासूने सुनेचा दंड दाबला. "चुकलंच माझं," ती म्हणाली. "झारी ठेवू खाली?"

"ठेव! मी सांगेपर्यंत थेंब पडता कामा नये."

त्याने मूठ उघडली. तळव्यावर मातीचा घट्ट गोळा होता, आणि त्यात चारी बोटं खोल उमटली होती. तो टाकून देणार, तोच झारी खाली ठेवून तिने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.