आडनावाचं स्पेलिंग

"झेड-एच लावून पाहिलं. नाही सापडत," किर्चो संगणकावर शोधत म्हणाला. "आता जे लावून बघू."

स्टॉयना झेच्कोवा खुर्चीच्या कडेला टेकून बसली होती. मांडीवर कोरं पाकीट होतं. पहाटेच्या बसने ती डोंगरातल्या गावातून खाली त्रोयान शहरात उतरली होती. किर्चोचं भाषांतराचं दुकान उघडेपर्यंत दारातच उभी राहिली होती. परदेशी निघालेल्यांचे दाखले तो इंग्रजीत करून देई. अर्धा तालुका त्याच्या टेबलावरून बाहेरदेशी गेला होता.

"पासपोर्टवर आडनाव कसं लिहिलं होतं तुमच्या मुलानं?"

"लिहितात तसंच. झेच्कोव."

"इंग्रजीतलं विचारतोय, मावशी. आपल्या भाषेतल्या 'झ'ला त्यांच्यात नेमकं अक्षरच नाही. जो तो मनाला येईल तसा लिहितो."

तिला इंग्रजी अक्षरं येत नव्हती. तिला एवढंच ठाऊक होतं, की लचेझार चौदा वर्षांपूर्वी कॅनडाला गेला, आणि त्याचा बाप नाइदेन या वसंतात वारला. ते पोराला कळवायचं होतं. जुना फोन नंबर कधीचाच बंद पडला होता. गावात आता नऊ घरांतून धूर निघे. नाइदेन गेल्यापासून तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं.

किर्चोने जे लावला. नुसता झेड लावला. शेवटच्या 'व'ऐवजी दोन एफ लावून पाहिले. दर वेळी ती पुढे वाकायची आणि पुन्हा मागे टेकायची.

"आडनाव राहू दे," शेवटी तो म्हणाला. "काम काय करायचा?"

"कुंभार. बापासारखाच."

त्याने नुसतं 'लचेझार' आणि कुंभारकाम असं टाकलं. थोड्या वेळाने तो हसला.

"एक आहे. कॅनडातच, हॅलिफॅक्समध्ये लोकांना मडकी करायला शिकवतो. पण हा तुमचा नव्हे. याच्या आडनावाचा तर पार विचका करून ठेवलाय. बाप्याला बाईचं आडनाव! श्टेरेवा! आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल, बाप्या श्टेरेव, बाई श्टेरेवा. त्या इंग्रजांना काय कळतंय?"

मांडीवरचं पाकीट स्टॉयनाने दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"मावशी? पाणी देऊ?"

"भांडण झालं तेव्हा बापानं पोराला भट्टीपुढे उभं केलं," ती हळूच म्हणाली. "म्हणाला, जायचंय तर जा, पण माझं नाव इथंच ठेवून जा. मी तिथंच उभी होते. तोंडातून शब्द काढला नाही. पोरगं माझ्याकडे बघत होतं, आणि मी माती मळत राहिले. मला वाटायचं, त्यानं दोघांनाही टाकलं."

किर्चोने पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"श्टेरेव म्हणजे...?"

"माझं माहेर."

किर्चोने पाकीट तिच्या हातून घेऊन पेन उघडलं. जरा खाकरला.

"पत्ता घालतो. आजोळचं नाव घेतलं पोरानं, चांगलं केलं. फक्त लिहिताना तिकडे चूक झालीय. शेवटचा 'ए' मी गाळतो. बाप्यासारखं नीट दिसेल."

तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"चूक नाही ती. गाळू नका. श्टेरेव माझे वडील होते, साहेब. श्टेरेवा मी."