लुगडं नेसलेली वळकटी

मालुबाई परसातनं आत आली आणि दारातच थबकली. सोप्यात तिचं हिरवं इरकली लुगडं नेसून कुणीतरी आडवं पडलं होतं. टॉवेल गुंडाळून केलेली मुंडी, वर पदर. नात रचना त्या बाईच्या कुशीत हात घालून तिला पालथी करत होती आणि समोर टेकवलेल्या मोबाईलकडं बघून म्हणत होती, "दवगार, सेन्योरा. दवगार."

"मी जित्ती हाय गं अजून," मालुबाई म्हणाली. "कुणाचं मढं सजवालीस?"

रचनानं दचकून हात काढला. लुगड्यातनं गादीची वळकटी उलगडली.

"मढं न्हाय, आज्जी. उद्या फोनवर करून दावायची परीक्षा हाय. पोर्तुगालात म्हातारी मानसं सांभाळायचं काम. वळवायचं, पुसायचं, भरवायचं, आनि करताना त्यांच्या भाषेत बोलायचं."

मालुबाईनं तोंड असं केलं, जणू दुधात पाल सापडली. "लोकांच्या म्हातारीचं हागणं-मुतणं काढायला इमानातनं जायचं! मीबी दावणभर म्हशींचं शेण काढलं या घरात. पर म्हशी आमच्या व्हत्या."

"शेण काढताना म्हशींशी बोलत व्हतीस न्हवं? तसंच."

"म्हशींना कळत व्हतं."

"त्यांनाबी कळाय पायजे म्हणून तर शिकालेय. नुसतं उचलते, पुसते म्हणून भागत न्हाय. कसं उचलते, कसं पुसते, ते सांगणारे शब्द येगळे. क्रियाविशेषणं. दवगार म्हंजे सावकाश. सुआवमेंत म्हंजे हलक्या हातानं. बऱ्याच शब्दांना मागं मेंत जोडलं की झालं."

"शेपूट जोडलं म्हणून शेळीची म्हस हुईत न्हाय. करून दाव बघू."

रचनानं वळकटी सारखी केली, "सुआवमेंत" म्हणाली आणि ओल्या फडक्यानं टॉवेलचं तोंड पुसलं. पुसलं कसलं, करपलेल्या भगुण्याचं बूड घासावं तसं घासलं. मग "दवगार" म्हणत तिनं वळकटी अशी उलथली, की मुंडीच घरंगळत उंबऱ्याला गेली.

"थू!" मालुबाई म्हणाली. "तोंडात सावकाश नि हातात मुसळ. त्या म्हातारीला काय तुझं तोंड चाटायचंय?"

"वळकटीला काय कळतंय!" रचनाचा आवाज चिरकला. "जितं माणूस पायजे शिकायला. आई-आप्पा शेताला गेल्यात. उद्या नापास झाले की संपलं, परत बसवत न्हाईत."

"मग मला का इचारलं न्हाईस?"

"थुकली असतीस."

"थुकलेच असते."

ते खोटं नव्हतं. दिवाळीपासून मालुबाईला खाली बसलं की खांबाला धरल्याशिवाय उठता येत नव्हतं. घरात कुणाला ठाऊक नाही असं ती समजून होती, आणि सगळ्यांना ठाऊक होतं. परवाच रचनानं हात पुढं केला, तर "मी काय लुळी हाय?" म्हणून तिनं तो झिडकारला होता.

आता तिनं पायानंच वळकटी बाजूला सारली. लुगडं तेवढं उचललं, झटकलं, घडी घालून दांडीवर टाकलं. मग भिंत धरून बसली आणि वळकटीच्या जागी आडवी झाली. डोळे मिटलेले, नाक आकसलेलं, जणू जमीन शेणानं सारवलेली नव्हती, शेण नुसतं सांडलेलं होतं.

"हं. वळीव."

रचनाचा हात खांद्याला लागला आणि थांबला. आधी शब्द आला, अगदी खालच्या आवाजात. मग मालुबाई कुशीवर वळली, कशी ते तिचं तिलाही कळलं नाही. ओलं फडकं कपाळावरनं गालावर उतरलं.

"कानामागं ऱ्हायलं," ती भिंतीला म्हणाली.

कानामागंही फिरलं.

"झालं, आज्जी."

मालुबाईनं उठायला कोपर टेकलं. कोपर सरकलं. परत टेकलं, परत सरकलं. रचनाचा हात सवयीनं पुढं आला आणि सवयीनंच मागं गेला.

"मागं काय घेतीस?" तोंड भिंतीकडंच ठेवून मालुबाई खेकसली. "परीक्षेत उठवायचं न्हाय व्हय? आधी शब्द म्हन. मग लाव हात."