काळा दोरा

डबा परत आला. युसूफ वडगावच्या पोस्टात आश्रुबा पोस्टमास्तरांनी तो खिडकीतून न देता शिवकन्याबाईंना आत बोलावलं आणि टेबलावर ठेवला. डबा खिडकीत मावत नव्हता असं नाही. आश्रुबांना तो उघडताना बघायचा होता.

बाईंचे यजमान, रिटायर झालेले भीमाशंकर मास्तर, दोन महिन्यांपूर्वी पायी नर्मदा परिक्रमेला गेले. फोन देवघरात ठेवला, शिदोरी नाकारली. वाटेत भिक्षा मिळेल तेवढंच खायचं, घरचं काही घ्यायचं नाही, असं व्रत. आमटीतल्या मिठावर बोलल्याशिवाय चाळीस वर्षांत घास न गिळलेला माणूस परक्याच्या हातचं निमूट खाईल, यावर गावात फक्त मास्तरांचाच विश्वास होता.

तेव्हापासून खबर नाही. बाईंनी बराच विचार केला. भिक्षा परक्यानं वाढायची असते; पीठ कुणी मळायचं, याबद्दल शास्त्रात काही नाही. मग वाटेतल्या एका आश्रमाच्या पत्त्यावर याच डब्यातून कडक भाकरी आणि कारळ्याची चटणी पार्सलनं गेली. सोबत आश्रुबांच्या हिंदीतलं पत्र: 'हमारे मास्टर आयेंगे. लंबे हाय. बात लई करते. उनको ये भिक्षा बोलके देना. घर का हाय, बोलना नक्को.'

आता डब्यासोबत उत्तर आलं होतं. आश्रुबांनी वाचलं: 'एक लंबे बाबा आए थे. रोटी देर तक देखते रहे. सब खा गए, एक शब्द नहीं बोले. डिब्बा खुद माँजा, बंद करके हमें थमा दिया.'

आश्रुबांनी चष्मा काढला. "एक शब्द न्हाई? मंग ते मास्तर न्हाईत, काकू. दुसराच कुनीतरी खाऊन गेला."

बाईंच्याही मनात तेच आलं होतं.

त्यांनी डब्यावरून हात फिरवला. लग्नानंतर मास्तरांची पहिली नोकरी कडा गावी होती, तेव्हा हाच डबा एसटीच्या कंडक्टरच्या हाती जायचा. भांडं रिकामं परत करू नये, म्हणून मास्तर त्यात कधी गुळाचा खडा टाकायचे, कधी चार चिंचा. महिनाअखेरीस टाकायला काही उरलं नाही, की शर्टाचं तुटलेलं बटण. शनिवारी ते घरी आले की बाई बटण शिवायच्या. डब्यात बटण आलं, म्हणजे मास्तर येणार; मग शनिवार मोजायला कॅलेंडर लागायचं नाही.

बाईंनी डबा कानाशी धरून हलवला. आत काहीतरी बारीक खुळखुळलं.

"उघडा की. कावून थांबला?"

बाईंनी झाकण काढलं. तळाशी एक पांढरं बटण होतं. त्याच्या भोकांत काळा दोरा.

आश्रुबा वाकून बघत राहिले. निघायच्या दिवशी घरात पांढरा दोरा सापडला नाही, म्हणून बाईंनी पांढऱ्या सदऱ्याचं बटण काळ्यानं शिवलं होतं. त्यावर मास्तर पाऊण तास बोलले होते. थोडं घरात, उरलेलं या टेबलाशी उभं राहून.

बाईंनी बटण उजेडात धरलं. दोरा झिजलेला नव्हता. कुणीतरी मुद्दाम दातानं तोडला होता.

बाईंनी ते पदराच्या टोकाला बांधलं. गाठ दोनदा बघितली.

"भाऊ, पुढच्या पार्सलात सुई चालती का?"

"चालती. सरकारला टोचली न्हाई म्हंजे झालं." आश्रुबांनी चष्मा परत चढवला आणि कोरा कागद ओढला. "आन दोरा मातर या खेपेला पांढरा घ्या, काकू. मला परत ऐकायची ताकद न्हाई."

"न्हाई," बाई म्हणाल्या. "काळाच धाडते. बटन हितंच ऱ्हाईल."