तिकडची नदी

"माणसाने राहावं असं इथे आता काही उरलेलं नाही!" गाडीत बसल्यापासून दादांचं हेच कीर्तन चाललं होतं. निवृत्त होऊन ते कायमचे पोर्तुगालला निघाले होते, आणि त्यांना विमानतळावर सोडायचं काम धाकट्या भावाच्या, विद्याधरच्या गळ्यात पडलं होतं.

"जिकडे बघावं तिकडे घाण! तिकडची नदी बघशील तर तळातले गोटे दिसतात. आपल्या लोकांना अक्कल कधी येणार?"

'आपले लोक' म्हणताना दादा स्वतःला त्यातून कसे अलगद बाहेर काढतात, हे विद्याधर लहानपणापासून बघत आला होता.

पूल आला तसे दादा घाईने म्हणाले, "जरा बाजूला घे."

ते उतरले. पायाशी जपून ठेवलेली निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी त्यांनी गाठीसकट नदीत भिरकावली, डोळे मिटून हात जोडले आणि परत येऊन हातांना सॅनिटायझर चोळलं.

"दादा, तिकडे निर्माल्य कुठे टाकणार?" गाडी सुरू करत विद्याधरने विचारलं.

दादांनी खरोखरच विचार केला.

"तेवढी एक पंचाईत आहे बघ. लगेच दंड ठोकतात लेकाचे!"