कुंडीचा निरोप

श्रीरंगने पाठवलेल्या निवडुंगाचं काही बिघडलं, की यंत्र बसवलेली कुंडीच त्याला परदेशात निरोप धाडायची आणि लगेच त्याचा फोन यायचा. हे कळल्यापासून कुमुदताई मुद्दाम कुंडी अंधारात सरकवायच्या, नाहीतर तांब्याभर पाणी ओतायच्या.

"आई, त्याला उन्हाच्या खिडकीत ठेव. मातीत निम्मी जाड वाळू घाल. किती वेळा सांगायचं?"

"बरं. जेवलास का रे?"

"कामात आहे," म्हणत तो फोन ठेवायचा.

काल त्याने माणूस पाठवून कुंडीत काहीतरी नवं बसवून घेतलं. आज कुमुदताईंनी पाणी ओतलं, तर फोन वाजलाच नाही. श्रीरंगच्याच आवाजात कुंडी म्हणाली, "आई, माती फार ओली झाली."

"जेवलास का रे?" त्यांनी सवयीने विचारलं.

"मला जेवण लागत नाही, आई," कुंडी जराही न चिडता म्हणाली. "ऊन पुरतं."